रॅपिड टेस्ट: यंत्र तासाभरात उत्तर देते, मग अहवाल दुसऱ्या दिवशी का येतो?

पॅकेट उघडून तसाच खायचा पदार्थ पुन्हा आचेवर जात नाही. कच्च्या मांसात किंवा पिठात साल्मोनेला हा आजार करणारा जिवाणू असला तर तो शिजताना मरतो. कापलेली फळे, सॅलड, मऊ चीज, शिजवून थंड केलेले मांसाचे काप यांना ती शेवटची आच मिळत नाही. कारखान्यातून जे निघाले तेच पोटात जाते. म्हणून तपासणी माल बाहेर पडण्याआधी व्हायला हवी, आणि ती लवकर व्हायला हवी, कारण अशा मालाची मुदत मोजक्या दिवसांची असते. प्लेटवर जिवाणू वाढवून ओळखण्याच्या पारंपरिक पद्धतीत साल्मोनेला ‘नाही’ एवढे म्हणायलाच तीन दिवस जातात आणि ‘आहे’ हे पक्के सांगायला पाच किंवा जास्त. लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूला त्याहून जास्त वेळ लागतो. ही कोंडी फोडण्यासाठी रॅपिड टेस्ट आल्या.

पण ‘रॅपिड’ या शब्दामुळे मोठा गैरसमज होतो. किटवर ‘१५ मिनिटांत निकाल’ किंवा ‘एका तासात निकाल’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. ते फक्त शेवटच्या पायरीबद्दल असते. त्या पायरीआधी नमुना कोमट द्रवात आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, ठेवावा लागतो. हा फुकट गेलेला वेळ नव्हे. तपासणी खरी किंवा खोटी ठरते ती त्या कोमट द्रवात, आणि त्याच्याही आधी, नमुना उचलला त्या क्षणी. यंत्र फक्त तिथे जे घडले ते वाचून दाखवते.

एक पेशी शोधायची म्हणजे काय

साल्मोनेलासाठी सर्वसाधारण निकष असा असतो: २५ ग्रॅम पदार्थात एकही जिवंत जिवाणू सापडता कामा नये. हे २५ ग्रॅम २२५ मिलिलिटर ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणूंना पोसणाऱ्या निर्जंतुक द्रवात, घालून घुसळतात. एकूण साधारण २५० मिलिलिटर. समजा त्यात साल्मोनेलाची एकच पेशी आहे. पीसीआर यंत्राच्या, म्हणजे जिवाणूचा डीएनए ओळखणाऱ्या यंत्राच्या, नळीत या द्रवातले जेमतेम ५ मायक्रोलिटर जातात, म्हणजे एका थेंबाचा दहावा भाग. २५० मिलिलिटरचे असे पन्नास हजार वाटे होतील. एकुलती एक पेशी नेमकी आपल्या वाट्यात येण्याची शक्यता पन्नास हजारांत एक. यंत्र कितीही तल्लख असले तरी जे त्याच्या नळीत पोहोचलेच नाही ते त्याला दिसणार कसे?

म्हणून आधी पेशी वाढवून घ्याव्या लागतात. याला प्रयोगशाळेत एनरिचमेंट म्हणतात. पीसीआरला खात्रीने दिसायला मिलिलिटरमागे साधारण दहा हजार पेशी लागतात असे धरा. २५० मिलिलिटरमध्ये त्या २५ लाख झाल्या. एकीच्या दोन, दोनच्या चार असे करत २५ लाखांपर्यंत जायला २१ ते २२ दुपटी लागतात. साल्मोनेला ३७ अंश सेल्सियसला चांगल्या ब्रॉथमध्ये २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे नऊएक तास झाले. शिवाय पहिले काही तास पेशी फक्त सावरत असते, वाढत नाही, ते वेगळे. लिस्टेरिया ३० अंशांना, त्याच्यासाठी बनवलेल्या ब्रॉथमध्ये, दुप्पट व्हायला तासाच्या आसपास घेतो, म्हणजे बावीस दुपटींना जवळजवळ पूर्ण दिवस. साध्या स्ट्रिप टेस्टला, म्हणजे रेघ उमटवणाऱ्या पट्टीच्या चाचणीला, मिलिलिटरमागे दहा लाख किंवा जास्त पेशी हव्या असतात. तिथे २८ दुपटी लागतील.

कोणतेही किट हातात घेतले की हा हिशेब करून पाहावा. ‘एनरिचमेंटची गरज नाही, थेट पदार्थातून निकाल’ असा दावा कोणी २५ ग्रॅममधल्या एका पेशीबद्दल करत असेल, तर त्या ५ मायक्रोलिटरमध्ये पेशी आली कुठून, हा प्रश्न विचारावा. चुंबकीय मण्यांना अँटिबॉडी चिकटवून जिवाणू गोळा करण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण तीही सहसा काही तासांच्या वाढीनंतरच वापरतात, आणि पेशींच्या जोडीला पदार्थातला चरबीचा चिखल गोळा होण्याचा धोका तिथेही राहतो.

शोधायचे कोणाला

लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा थेट खाण्याच्या पदार्थांतला सगळ्यात चिवट प्रश्न आहे, कारण तो फ्रिजमध्ये वाढतो. शून्य अंशाच्या आसपासही त्याची वाढ पूर्ण थांबत नाही. ४ अंशांना तो दीड दिवसाला दुप्पट होतो असे धरले, तर दहा दिवसांत शंभरपट होईल. थंड साखळी नीट सांभाळली तरी मुदत लांबली की तो वाढत राहतो. तो अन्नातून पसरतो हे ठामपणे सिद्ध झाले १९८१मध्ये, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात. तिथे कोबीच्या कच्च्या सॅलडमधून साथ पसरली आणि तो कोबी मेंढ्यांच्या खतावर पिकवलेला होता. गरोदर स्त्रिया, नवजात बालके, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना तो जिवावर बेततो. खाल्ल्यापासून गंभीर आजार दिसेपर्यंत कधी ७० दिवसही जातात, तोवर पदार्थाचे पॅकेट केव्हाच कचऱ्यात गेलेले असते. २०१७-१८मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रक्रिया केलेल्या मांसातून आलेल्या लिस्टेरियाच्या साथीत हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले.

साल्मोनेला फ्रिजमध्ये सहसा वाढत नाही, पण कोरड्या पदार्थात तो महिनोन्‌महिने टिकून राहतो. चॉकलेट, दूध पावडर, शेंगदाण्याचे लोणी यांत ओलावा इतका कमी असतो की तो वाढत नाही आणि मरतही नाही. शिवाय चरबीच्या आवरणामुळे पोटातल्या आम्लातून तो सुखरूप सुटतो, त्यामुळे मोजक्या पेशीही पुरतात. ई. कोलायच्या शिगा विष बनवणाऱ्या जातींचेही तसेच: शंभराहून कमी पेशींनी आजार होऊ शकतो.

स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियसच्या उलट्या घडवणाऱ्या जाती यांची गोष्ट निराळी. ते पदार्थात वाढताना विष सोडतात, आणि ते विष उष्णतेला दाद देत नाही. नंतर पदार्थ गरम केला तर स्टॅफिलोकोकस मरेल, प्लेट स्वच्छ दिसेल, विष मात्र तसेच राहील. अशा वेळी जिवाणू शोधून उपयोग नसतो, विषच शोधावे लागते. युरोपच्या नियमांत काही दुग्धपदार्थांमध्ये ग्रॅममागे एक लाखाहून अधिक कोअ‍ॅग्युलेज-पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकस, म्हणजे ऑरियस ज्यात मोडतो त्या गटातले जिवाणू, सापडले तर विषाची तपासणी करावीच लागते, ती याच कारणासाठी.

कोमट द्रवात काय बिघडते

पदार्थातली पेशी तंदुरुस्त नसते हे आधी लक्षात घ्या. ती उष्णतेने भाजलेली, आम्लाने पोळलेली, गोठलेली किंवा सुकलेली असते. तिला लगेच कडक औषधे असलेल्या ब्रॉथमध्ये टाकली तर ती मरते आणि निकाल ‘निगेटिव्ह’ येतो. साल्मोनेलाच्या संदर्भ पद्धतीत, म्हणजे आयएसओ ६५७९-१ या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणूनच पहिली पायरी सौम्य असते: बफर्ड पेप्टोन वॉटर, ३४ ते ३८ अंश, १८ तास. त्यानंतरच इतर जिवाणूंना दाबणारे ब्रॉथ येतात आणि तापमान ४१.५ अंशांपर्यंत नेले जाते. लिस्टेरियाच्या आयएसओ ११२९०-१मध्येही तोच विचार आहे. आधी हाफ-फ्रेझर ब्रॉथ, ज्यात दाबणारी औषधे निम्मी असतात, ३० अंशांना २४ ते २६ तास. मग त्यातले ०.१ मिलिलिटर पूर्ण ताकदीच्या १० मिलिलिटर फ्रेझर ब्रॉथमध्ये, ३७ अंशांना २४ तास. रॅपिड पद्धती सहसा दुसरी पायरी गाळतात किंवा छोटी करतात. पहिलीला त्या हात लावू शकत नाहीत.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी चूक म्हणजे थंड ब्रॉथ. २५ ग्रॅमला ती कदाचित खपून जाईल. पण अनेक नमुने एकत्र करून ३७५ ग्रॅम पदार्थ घेतला, तर एकास नऊ या प्रमाणात ३,३७५ मिलिलिटर ब्रॉथ लागतो. एवढा ब्रॉथ शीतगृहातून काढून थेट इन्क्युबेटरमध्ये ठेवला तर मधल्या भागाला ३७ अंश गाठायला कित्येक तास लागतात. पद्धत दहा तासांची असेल तर त्यातले निम्मे तास जिवाणू थंडीतच बसून राहतो. मोठ्या नमुन्यासाठी ब्रॉथ आदल्या रात्रीच इन्क्युबेटरमध्ये ठेवावा, पिशव्या एकमेकींना चिकटवून रचू नयेत, आणि वेळ मोजायची ती पिशवी आत ठेवल्यापासून नव्हे, ब्रॉथ तापमानाला आल्यापासून. किटच्या पुस्तिकेत ‘किमान २० तास’ लिहिले असेल तर १८ तासांनी काढून पाहू नये. त्या दोन तासांत साल्मोनेलाच्या चार-पाच दुपटी होतात, म्हणजे पंधरा ते तीसपट फरक पडतो. दिसणे आणि न दिसणे यांत कधी कधी तेवढेच अंतर असते.

पदार्थाचा स्वभावही आडवा येतो. लवंग, दालचिनी, ओरेगॅनो यांसारखे मसाले स्वतःच जिवाणूंना मारतात. त्यांच्यासाठी एकास नऊ पुरत नाही. मसाल्याचा जोर उतरेपर्यंत शंभरपट किंवा त्याहून जास्त पातळ करावे लागते. कांदा-लसणाच्या पावडरीसाठी ब्रॉथमध्ये ०.५ टक्के पोटॅशियम सल्फाइट घालतात, म्हणजे त्यातली जिवाणूनाशक गंधकयुगे निष्प्रभ होतात. कोको आणि चॉकलेटसाठी पेप्टोन वॉटरऐवजी स्निग्धांश काढलेल्या दुधाचा ब्रॉथ वापरतात, कारण दुधातले केसिन कोकोतल्या मारक घटकांना बांधून ठेवते. आंबट पदार्थ मिसळल्यावर ब्रॉथचा पीएच तपासावा आणि तो उदासीन पातळीजवळ आणावा. दूध पावडर ब्रॉथमध्ये टाकून लगेच घुसळू नये. ती पृष्ठभागावर भुरभुरावी आणि तासभर न हलवता आपोआप भिजू द्यावी. सुकलेल्या पेशीत पाणी एकदम शिरले तर ती फुटते, आणि आपण जे शोधतोय तेच आपल्या हाताने मारून टाकतो.

आता गर्दीचा प्रश्न. पदार्थात इतर जिवाणू लाखोंनी असतील, तर ब्रॉथमध्ये तेही वाढतात. एकूण संख्या मिलिलिटरमागे अब्जाच्या आसपास पोहोचली की वाढ थांबते, सगळ्यांचीच. अल्पसंख्य असलेला साल्मोनेला त्या वेळी जिथे असेल तिथेच अडकतो. सूक्ष्मजीवशास्त्रात याला जेम्सन परिणाम म्हणतात. अंकुरित कडधान्ये, आंबवलेले पदार्थ, प्रोबायोटिक घातलेले दुग्धपदार्थ यांत हा धोका खरा आहे. तिथे ‘आणखी सहा तास ठेवू’ हा उपाय चालत नाही. दाबणारी औषधे योग्य वेळी घालणे हाच मार्ग उरतो. लिस्टेरियाच्या बाबतीत ही स्पर्धा घरातलीच असते. लिस्टेरिया इनोक्युआ हा निरुपद्रवी भाऊबंद हाफ-फ्रेझरमध्ये मोनोसायटोजिनिसपेक्षा अनेकदा वेगाने वाढतो आणि त्याला झाकून टाकतो. फ्रेझर ब्रॉथ काळा पडला म्हणजे लिस्टेरिया आहे आणि पडला नाही म्हणजे नाही, असा निष्कर्ष काढणे चूक. काळेपणा ब्रॉथमधला एस्क्युलिन हा घटक फुटल्याचा असतो. तो इतर जिवाणूंनीही येतो, आणि लिस्टेरिया थोडा असेल तर येतही नाही.

वाचण्याची पायरी: स्ट्रिप, पीसीआर, लॅम्प

स्ट्रिप टेस्ट गरोदरपणाच्या चाचणीसारखीच चालते. ब्रॉथचे काही थेंब पट्टीवर टाकले की सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेली अँटिबॉडी जिवाणूच्या प्रथिनाला धरते, दोघे मिळून पट्टीवरून पुढे सरकतात आणि चाचणीच्या रेषेवर अडकून लालसर रेघ उमटते. दुसरी, कंट्रोलची रेषा नेहमी उमटलीच पाहिजे. ती नसेल तर निकाल ‘निगेटिव्ह’ नसतो, तो बादच असतो. बहुतेक पद्धतींत ब्रॉथ आधी उकळत्या पाण्यात धरून जिवाणू मारतात. त्यामुळे हाताळणारा सुरक्षित राहतो आणि प्रथिने मोकळी होतात. गरम ब्रॉथ तसाच पट्टीवर टाकू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. वर तरंगणारी चरबी टाळून मधला द्रव उचलावा, नाहीतर पट्टी तुंबते. वाचण्याची वेळ पुस्तिकेत दिलेली तीच पाळावी: तासाभराने उगवलेली पुसट रेघ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, आणि वेळेत उगवलेली पुसट रेघ मात्र पॉझिटिव्हच, ती कितीही पुसट असली तरी. आणखी एक विचित्र गोष्ट इथे घडते. जिवाणू फारच जास्त झाले तर चाचणीची रेघ फिकट होते, क्वचित नाहीशीही होते, कारण मोकळी प्रथिने आधीच सगळ्या जागा अडवून बसतात. शंका आली तर ब्रॉथ दहापट पातळ करून नवी पट्टी वापरावी.

पीसीआर डीएनए वाचते. साल्मोनेलासाठी बहुधा ‘इनव्ह-ए’ हे जनुक शोधतात, लिस्टेरिया मोनोसायटोजिनिससाठी ‘एचएलवाय-ए’. ब्रॉथचा छोटा भाग तापवून पेशी फोडतात. लिस्टेरियाची भिंत जाड असल्याने तिला आधी एन्झाइमने मऊ करावे लागते. मग तापमान सुमारे ९५ अंशांवर नेऊन आणि खाली आणून डीएनएच्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवतात. दर फेरीला दुप्पट, ३५ फेऱ्यांत एकाचे तीन हजार कोटींहून अधिक. चमक कितव्या फेरीला दिसली तो आकडा, ज्याला सीटी म्हणतात, अहवालात कधी कधी दिलेला असतो. तो कमी म्हणजे ब्रॉथमध्ये डीएनए जास्त, ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. पण त्यावरून मूळ पदार्थात किती जिवाणू होते हे सांगता येत नाही. एक पेशी पटकन सावरून वाढली असेल किंवा हजार पेशी अर्धमेल्या असतील, दोन्हींचा सीटी सारखाच येऊ शकतो.

याच कारणाने एनरिचमेंटनंतरची कोणतीही रॅपिड टेस्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. युरोपच्या २०७३/२००५ या नियमानुसार ज्या पदार्थात लिस्टेरिया वाढू शकत नाही, त्यात मुदत संपेपर्यंत ग्रॅममागे १०० पेशींची मर्यादा आहे. पीएच ४.४ किंवा कमी, अथवा जलक्रियता (जिवाणूंना वापरता येईल अशा पाण्याचे माप) ०.९२ किंवा कमी असलेले पदार्थ या गटात येतात. तिथे मोजणीची वेगळी चाचणी लागते. अमेरिकेत लिस्टेरिया २५ ग्रॅममध्ये सापडताच कामा नये असा दंडक आहे, तिथे आहे-नाहीचे उत्तर पुरते. आपला पदार्थ कोणत्या नियमाखाली येतो हे ठरवल्याशिवाय चाचणी निवडू नये.

चरबी, कोकोतले पॉलिफेनॉल, दुधातले कॅल्शियम हे पीसीआरचे एन्झाइम अडवतात. त्यासाठी प्रत्येक नळीत एक ओळखीचा परका डीएनए मुद्दाम घातलेला असतो, अंतर्गत कंट्रोल म्हणून. जिवाणूचा संकेत नाही आणि कंट्रोलचाही नाही, तर ती नळी आंधळी होती. अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवावी. या कंट्रोलशिवाय आलेल्या निगेटिव्हवर आम्ही माल सोडणार नाही.

‘मेलेल्या जिवाणूचा डीएनए पकडून पीसीआर खोटे पॉझिटिव्ह देते’ हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. तो खरा आहे, पण त्याचे वजन आकड्यांत पाहावे. मेलेल्या पेशी वाढत नाहीत आणि ब्रॉथमध्ये त्या दहापट पातळ होतात. एनरिचमेंटनंतर त्या मिलिलिटरमागे दहा हजार दिसायच्या, तर मूळ पदार्थात ग्रॅममागे लाखभर मेलेले साल्मोनेला हवेत. पदार्थ शिजण्याआधी तेवढे असतील, तर तीही दखल घेण्यासारखीच गोष्ट झाली.

लॅम्प ही पीसीआरची चुलत बहीण. ती २०००मध्ये जपानी संशोधकांनी मांडली. तापमान वर-खाली न करता ६० ते ६५ अंशांवर स्थिर ठेवून चार ते सहा प्राइमर (हवा तो डीएनए शोधून धरणारे छोटे तुकडे) वापरतात आणि अर्ध्या ते एका तासात उत्तर मिळते. यंत्र लहान आणि साधे, आणि पदार्थातल्या अडथळ्यांनी ती पीसीआरपेक्षा कमी अडते. दोष असा की प्रती इतक्या प्रचंड बनतात की एक नळी उघडली तर हवेतून पसरलेले कण पुढचे कित्येक दिवस खोटे पॉझिटिव्ह देत राहतात. लॅम्प असो वा पीसीआर, वापरलेली नळी कधीही उघडू नये. ब्रॉथ उघडण्याची जागा आणि यंत्राची जागा वेगळी ठेवावी, आणि माणसाने एकाच दिशेने, ब्रॉथकडून यंत्राकडे, जावे.

एटीपी, म्हणजे सजीव पेशींतला ऊर्जेचा रेणू, मोजणाऱ्या मीटरचा उल्लेख इथे करायला हवा, कारण त्यालाही लोक रॅपिड टेस्ट म्हणतात. स्वॉब फिरवला की १५-२० सेकंदांत आकडा येतो. तो आकडा काजव्याच्या प्रकाशाच्याच रसायनाने मिळतो आणि पृष्ठभागावर जैविक मळ किती उरला ते सांगतो. साफसफाई नीट झाली का हे पाहायला तो उत्तम. लिस्टेरिया आहे की नाही याबद्दल तो काहीही सांगत नाही.

पॉझिटिव्ह आले की

रॅपिड टेस्टचे पॉझिटिव्ह हे ‘संशयित’ असते. त्याच एनरिचमेंट ब्रॉथमधून प्लेटवर लावून जिवाणू वेगळा करून पक्के करायचे असते. साल्मोनेलासाठी एक्सएलडी अगार (अगार म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम), लिस्टेरियासाठी निळ्या-हिरव्या वसाहती आणि त्यांच्याभोवती वलय दाखवणारा क्रोमोजेनिक अगार. वलय लिस्टेरिया इव्हानोव्हीही दाखवतो, म्हणून पुढची जैवरासायनिक किंवा इतर ओळख चुकवू नये. हे होईपर्यंत तो ब्रॉथ टाकून देऊ नये, थंड जपून ठेवावा. शिगा विषवाल्या ई. कोलायमध्ये तर पक्के करणे आणखी गरजेचे असते. पीसीआरने विषाचे जनुक आणि आतड्याला चिकटण्याचे जनुक दोन्ही दाखवले, तरी ती दोन वेगवेगळ्या जिवाणूंमधली असू शकतात. दोन्ही एकाच पेशीत आहेत हे तो जिवाणू हातात आल्यावरच कळते.

सगळ्यात घातक सवय मात्र वेगळीच आहे. पॉझिटिव्ह आले की त्याच मालातून नवे २५ ग्रॅम घेऊन पुन्हा तपासायचे, ते निगेटिव्ह आले की माल सोडून द्यायचा. दुसऱ्या २५ ग्रॅमने पहिले खोटे ठरत नाही. जिवाणू पदार्थात साखरेसारखे विरघळलेले नसतात, ते ठिगळाठिगळाने असतात. दुसऱ्या ठिकाणी ठिगळ नव्हते, एवढेच सिद्ध होते. पहिल्याच ब्रॉथमधून प्लेटवर काही निघाले नाही, आणि प्रयोगशाळेतल्या संसर्गाचा ठोस पुरावा सापडला, तरच पहिल्या निकालावर शंका घ्यावी. असा संसर्ग बहुधा पॉझिटिव्ह कंट्रोलमधून, म्हणजे चाचणी चालते हे पाहायला मुद्दाम जिवाणू घातलेल्या नमुन्यातून, येतो. म्हणून कंट्रोलसाठी एखादी दुर्मीळ किंवा हिरवी चमकणारी जात वापरतात. नमुन्यात तीच निघाली तर चूक कुठे झाली ते लगेच कळते.

निगेटिव्हचा अर्थ किती

समजा एका दिवसाच्या मालातली एक टक्का पाकिटे दूषित आहेत. पाच पाकिटे तपासली तर दूषण सापडण्याची शक्यता फक्त पाच टक्के. साठ तपासली तरी ४५ टक्के. दहा टक्के पाकिटे दूषित असतील, तर पाच नमुन्यांत सापडण्याची शक्यता ४१ टक्के. चाचणी परिपूर्ण आहे, एकही पेशी तिच्या नजरेतून सुटत नाही, असे मानून केलेला हा हिशेब आहे. म्हणजे पाचही नमुने निगेटिव्ह आले तरी दर दहातले एक पाकीट दूषित असूनही माल बाजारात जाऊ शकतो, आणि तेही निम्म्याहून अधिक वेळा. याला रॅपिड टेस्ट जबाबदार नाही आणि महागडे यंत्र घेऊन हे सुधारतही नाही.

अहवाल वाचताना मग तीन गोष्टी पाहाव्यात. नमुना किती ग्रॅमचा होता: २५ ग्रॅमसाठी प्रमाणित केलेली पद्धत ३७५ ग्रॅमसाठी आपोआप चालत नाही. पद्धत कोणत्या पदार्थावर सिद्ध झाली आहे: आयएसओ १६१४०-२नुसार पाच वेगवेगळ्या गटांवर तपासल्यावरच ‘सर्व प्रकारच्या खाद्यपदार्थांसाठी’ असे म्हणता येते, आणि तरीही मसाला किंवा चॉकलेट असेल तर आपल्याच पदार्थात थोडे जिवाणू मुद्दाम घालून ते परत सापडतात का हे पाहावे. तिसरी गोष्ट तापमानाची: नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ५ अंशांच्या आसपास राहिला का, की वाटेत गोठला किंवा तापला.

म्हणून फरशीवर, नाल्यात आणि यंत्राच्या फटीत शोधा

लिस्टेरिया पदार्थात शेवटी येतो. त्याआधी तो कारखान्यात राहायला आलेला असतो: नाल्यात, काप करणाऱ्या यंत्राच्या पात्यामागे, कन्व्हेयरच्या पोकळ रोलरमध्ये, चिरलेल्या रबरी गॅस्केटखाली, शीतयंत्राच्या पाणी गळणाऱ्या ट्रेमध्ये. रॅपिड टेस्टचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे असे आमचे ठाम मत आहे. हजार पाकिटांतले एक दूषित पाकीट शोधण्यापेक्षा ते दूषित करणारी फट शोधणे कितीतरी सोपे. इथे मोनोसायटोजिनिसच हवा असा हट्टही धरू नये. लिस्टेरियाच्या कोणत्याही जातीची चाचणी करावी. इनोक्युआ जिथे सुखाने राहतो तिथे मोनोसायटोजिनिसही राहू शकतो.

स्वॉब किंवा स्पंज घेताना वेळ महत्त्वाची. सकाळी साफसफाई झाल्या झाल्या घेतला तर सगळे स्वच्छच दिसणार. उत्पादन सुरू होऊन तीन-चार तास झाले, यंत्रे हादरली, फटीतले पाणी बाहेर झिरपले, की मग घ्यावा. मोकळ्या पृष्ठभागावर साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर जागा दोन्ही दिशांनी दाबून पुसावी. फटीत आणि सांध्यात मोजमाप विसरून जितके आत जाता येईल तितके जावे. स्पंज ज्या द्रवात भिजवलेला असतो त्यात जंतुनाशक निष्प्रभ करणारे घटक असायलाच हवेत. क्वाटर्नरी अमोनियमसारखे जंतुनाशक पृष्ठभागावर उरलेले असते. ते स्पंजमध्ये येते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पिशवीतल्या पिशवीत जिवाणू मारत राहते. साध्या पाण्यात भिजवलेल्या स्वॉबचे निगेटिव्ह निकाल वर्षभर साठवले, तरी त्यांतून काहीच कळत नाही.

एखाद्या जागी पॉझिटिव्ह आले की पहिली ओढ असते ती लगेच फेसाने धुवून काढण्याची. पदार्थाला लागणाऱ्या पृष्ठभागावर सापडले असेल तर त्या दिवसाचा माल रोखून ठेवणे आधी. त्यानंतर यंत्र उघडावे, पण धुण्याआधी. पाते, गॅस्केट, स्क्रूची भोके, पोकळ नळ्यांची टोके सुटी करताना प्रत्येकाचा वेगळा स्पंज घ्यावा, त्यांना क्रमांक द्यावेत आणि यंत्राच्या आकृतीवर ते लिहून ठेवावेत. हे स्पंज एकत्र करून पैसे वाचवू नयेत, नाहीतर कोणत्या सांध्यातून तो बाहेर येतोय हे कळायची वाटच बंद होते. आधी धुतले तर दुसऱ्या दिवशी सगळे निगेटिव्ह येते, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच यंत्राच्या बाहेरच्या अंगावर तोच जिवाणू पुन्हा सापडतो.